अमेरिकी सरकारी नोकरी आणि पॉलिग्राफ: पट्टे बांधण्याआधी काय करायचं, नंतर काय करायचं

अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, यूएसएजॉब्स या सरकारी भरतीच्या संकेतस्थळावर अर्ज केला, मुलाखत पार पडली, सशर्त नोकरीचं पत्रही आलं. मग पत्राच्या खालच्या भागात एक ओळ दिसते: पॉलिग्राफ चाचणी उत्तीर्ण होणं आवश्यक. पॉलिग्राफ म्हणजेच लाय डिटेक्टर. इथे भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. मी या सगळ्यातून गेले आहे, पहिल्यांदा आलेल्या अनिर्णित निकालासकट. त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांना फोनवर तेच ते सांगत आले, म्हणून आता एकदाचं लिहून काढते. माझी संस्था कोणती हे सांगणार नाही आणि मला विचारलेले नेमके प्रश्नही सांगणार नाही. बाकी सगळं सांगते.

माझं मत आधीच मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या चाचणीत माणसं यंत्रामुळे अडकतात त्यापेक्षा स्वतःच्या बोलण्यामुळे जास्त अडकतात. फॉर्मवर एक लिहिलेलं असतं, खोलीत तोंडून दुसरंच निघतं, आणि तिथून घसरगुंडी सुरू होते. म्हणून तयारी करायची ती खुर्चीत शांत कसं बसावं याची नव्हे, घरी टेबलावर बसून आपल्या कागदांची.

पायरी १: तुमच्या नोकरीला चाचणी लागते का, आणि कोणती?

बहुतेक फेडरल नोकऱ्यांना पॉलिग्राफ लागत नाही. टपाल कार्यालयं, सोशल सिक्युरिटी, माजी सैनिकांची रुग्णालयं, यांपैकी कुठे जात असाल तर हा लेख इथेच सोडा. लागते ती प्रामुख्याने गुप्तचर आणि पोलिसी स्वरूपाच्या संस्थांत: सीआयए, एनएसए, डीआयए (लष्करी गुप्तचर संस्था), एफबीआय, सीक्रेट सर्व्हिस, डीईए (अमली पदार्थविरोधी संस्था) वगैरे. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९९४ मध्ये हेरगिरीबद्दल पकडला गेला आणि त्याच वर्षापासून एफबीआयने नव्या उमेदवारांना ही चाचणी लावली. सीमेवरच्या सीबीपीत (सीमाशुल्क आणि सीमा-संरक्षण खात्यात) तर ती कायद्यानेच आली. २०१०च्या सीमा-भ्रष्टाचारविरोधी कायद्याने तिथल्या गणवेशातल्या पदांच्या उमेदवारांसाठी ती सक्तीची केली. अनेक शहरांची आणि काउंटींची पोलीस खातीही ती घेतात, पण तिथे राज्याराज्याचे नियम वेगळे.

"खासगी कंपनीला तर असं विचारता येत नाही ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. बरोबर आहे. १९८८च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना उमेदवारांची पॉलिग्राफ घ्यायला बंदी आहे. त्याच कायद्यातून केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारांना वगळलेलं आहे, हे मात्र लोकांना ठाऊक नसतं.

चाचणीचे दोन मुख्य प्रकार ऐकू येतील. पहिला 'सीआय स्कोप'. यात हेरगिरी, घातपात, दहशतवाद, गोपनीय माहिती बाहेर देणं आणि परदेशी व्यक्तींशी लपवलेले संबंध एवढेच विषय. दुसरा 'फुल स्कोप'. यात वरचं सगळं आणि त्यावर तुमचं खासगी आयुष्य: गंभीर गुन्हे, अमली पदार्थ, फॉर्मवर खोटं लिहिलं का. पत्रात प्रकार लिहिलेला नसेल तर भरतीच्या संपर्क व्यक्तीला सरळ विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी २: यंत्र काय करतं ते एकदा समजून घ्या आणि मग यंत्राचा विचार सोडा

छातीवर आणि पोटावर श्वास मोजणारे दोन पट्टे. बोटांना घामामुळे त्वचेत होणारे बदल टिपणारे सेन्सर. दंडाला रक्तदाबाचा पट्टा. खुर्चीवर, काही वेळा पायांखालीही, हालचाल टिपणारी गादी. झालं यंत्र. यातला एकही भाग खोटं ओळखत नाही. शरीराची खळबळ कागदावर उतरते, आणि ती खळबळ खोटेपणाची की भीतीची हे परीक्षक ठरवतो.

हे माझं म्हणणं नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००३च्या अहवालात यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यातलं एक कल्पित उदाहरण मला फार बोलकं वाटतं. समजा दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत, आणि त्यांतले आठ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली. तर सुमारे सोळाशे माणसं नापास होतील आणि त्यांत ते आठ सोडले तर बाकी सगळी निर्दोष असतील. शिवाय दोन हेर पास होऊन कामावर राहतील. हे निव्वळ गणितातच आहे असंही नाही. एम्स स्वतः हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ मध्ये ही चाचणी पास झाला होता. क्यूबासाठी काम करणारी डीआयएची विश्लेषक आना मोंतेस हीसुद्धा पास झाली होती.

मग तरीही का घेतात? कारण खोलीत माणसं बोलतात. चाचणीच्या धाकाने उमेदवार जे कबूल करतात, ते संस्थांना हवं असतं. एवढं कळलं की आपली खरी परीक्षा कुठे आहे तेही कळतं.

(घरच्यांना कसं सांगायचं हा वेगळाच प्रश्न. भारतात 'लाय डिटेक्टर' म्हटलं की आरोपी, नार्को आणि टीव्हीवरच्या बातम्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशी चाचणी घ्यायला मनाई केली, तोही गुन्ह्यांच्या तपासातूनच आलेला खटला. त्यामुळे "नोकरीसाठी लाय डिटेक्टर" ऐकून आईने आधी "तू केलंस तरी काय?" असंच विचारलं. तिला मी 'वैद्यकीय तपासणीसारखं असतं' असं सांगून वेळ मारून नेली. तुम्हीही तेच करा.)

पायरी ३: एसएफ-८६ पुन्हा वाचा, आणि या वेळी सावकाश

लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, भरलेला हा फॉर्म शंभराहून जास्त पानांचा आहे आणि पॉलिग्राफचे बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. सबमिट करण्यापूर्वी त्याची पीडीएफ उतरवून ठेवा. आधीच सबमिट केला असेल तर प्रत मागा. चाचणीच्या आधी ती निदान दोनदा, पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचा.

आपल्या लोकांची गाडी ज्या ठिकाणी अडते ती ठिकाणं अशी:

*नातेवाईक.* नातेवाइकांच्या भागात आई-वडील, सख्खी आणि सावत्र भावंडं, मुलं, सासू-सासरे अशी ठरावीक नाती विचारलेली असतात. आपण मावसभावालाही 'भाऊ' म्हणतो, पण फॉर्मला तो तिथे नको असतो. म्हणून त्याला पूर्ण वगळायचं असंही नाही. गेल्या सात वर्षांत त्याच्याशी जवळचा किंवा सततचा संबंध असेल आणि तो परदेशी नागरिक असेल, तर त्याची जागा परदेशी संपर्कांच्या भागात. दर रविवारी फोन होणारी पुण्यातली मैत्रीण तिथेच. लग्नात एकदा भेटलेला दूरचा काका नाही. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपमध्ये पन्नास माणसं असली तरी पन्नास नावं लिहायची नसतात. ज्यांच्याशी खरोखर माया, देणंघेणं किंवा बांधिलकी आहे, ती लिहायची.

*सरकारी नातेवाईक.* नातेवाइकाचा परदेशी सरकारशी किंवा सैन्याशी संबंध आहे का, असं विचारलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी बहीण आपल्या डोळ्यांपुढे 'सरकार' म्हणून उभी राहत नाही, पण तिचा पगार सरकारच देतं. लिहा. निवृत्त फौजी सासरे असतील तर तेही लिहा. लिहिल्याने बिघडत नाही, न लिहिल्याने बिघडतं.

*पैसा आणि जमीन.* भारतातली एनआरई-एनआरओ खाती, जुनं पीपीएफ, शेअर, संयुक्त नावावरचा फ्लॅट हे सगळं परदेशी आर्थिक हितसंबंधांत येतं. स्थावर मालमत्तेच्या प्रश्नात पुढे मालकी येण्याची शक्यता आहे का, तेही विचारतात. म्हणजे गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आज नाव नसलं तरी वारसाने येणार हे ठाऊक असेल तर ते सांगायचं. परदेशी नागरिकाला कधी आर्थिक मदत केली का, असाही प्रश्न असतो. आई-बाबांना दरमहा पाठवलेले पैसे त्यात येतात. घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलीची फी भरली असेल तर तीही.

इथे एक जोडखड्डा आहे. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. अनेकांनी तो कधी भरलेलाच नसतो, कारण कोणी सांगितलेलं नसतं. खाती फॉर्मवर लिहिली आणि एफबार नाही, हे चाचणीच्या खोलीत पहिल्यांदा लक्षात येऊ देऊ नका. आधीच करसल्लागाराकडे जा आणि राहिलेलं नियमाने भरून टाका.

*जुना पासपोर्ट.* दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधी मिळाला होता का, याचं उत्तर आपल्यासाठी 'हो' आहे, मग तो परत केलेला का असेना. सरेंडर सर्टिफिकेट हाताशी ठेवा. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण विचारलं तर लपवण्यासारखंही काही नाही.

*गांजा.* तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असेल, पण फेडरल नोकरीच्या चौकशीत राज्याचा कायदा कामी येत नाही. गांजा सोडून किती काळ झालेला हवा, याची संस्थेसंस्थेची मुदत वेगळी. एफबीआयने २०२१ मध्ये ती तीन वर्षांवरून अर्जापूर्वीच्या एका वर्षावर आणली. तुमच्या संस्थेचा नियम तिच्या भरतीच्या पानावर वाचा. मुदतीत बसत नसाल तर थांबून अर्ज करा. खोटं लिहून अर्ज करू नका. फॉर्मवर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकदा ओढलेल्या गांजाने नोकरी गेलीच तर फार तर एक संधी जाते.

*आधीचे इमिग्रेशनचे कागद.* याबद्दल कोणी बोलत नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर तुम्ही अनेक 'कधी तरी' प्रश्नांना 'नाही' असं उत्तर दिलेलं असतं. विद्यार्थी व्हिसावर असताना कुठे रोखीने काम केलं असेल, किंवा अमली पदार्थांबद्दल एन-४०० वर वेगळं लिहिलं असेल, आणि आता पॉलिग्राफमध्ये खरं सांगणार असाल, तर प्रश्न फक्त नोकरीचा उरत नाही. अशी विसंगती दिसली तर चाचणीच्या तारखेआधी इमिग्रेशन वकील गाठा. त्याची फी परवडते.

वाचताना चूक सापडली तर? तपासनीस अधिकाऱ्याला किंवा भरतीच्या संपर्काला लगेच लेखी कळवा. क्लिअरन्सचे निकष ज्यात आहेत त्या २०१७च्या 'सीड-४' निर्देशात स्पष्ट म्हटलं आहे की, कोणी पुरावा समोर ठेवण्याआधी स्वतःहून, तत्परतेने केलेली दुरुस्ती तुमच्या बाजूने धरली जाते. हीच गोष्ट परीक्षकाने विचारल्यावर बाहेर आली तर ती 'कबुली' ठरते. माहिती एकच, पण दोन दिवसांच्या फरकाने तिचं वजन बदलतं.

पायरी ४: कागद जमवा

घरी फाइल लावताना:

- एसएफ-८६ ची भरलेली प्रत
- चालू आणि जुने पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, ओसीआय
- गेल्या दहा वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या, वरिष्ठांच्या नावांसह
- गेल्या सात वर्षांतले परदेश प्रवास, तारखांसह (पासपोर्टवरचे शिक्के आणि जुन्या तिकिटांचे ईमेल कामाला येतात)
- परदेशी खाती, मालमत्ता, पाठवलेले पैसे यांची यादी, एफबारच्या प्रती
- एन-४०० ची प्रत

चाचणीला जाताना मात्र एवढंच: सरकारी फोटो ओळखपत्र, बोलावण्याचं पत्र, चालू औषधांची यादी, असल्यास डॉक्टरांचं पत्र. फाइल सहसा आत नेऊ देत नाहीत. फोन आणि स्मार्ट घड्याळ बाहेरच राहतं.

पायरी ५: आदले दिवस

झोपा आणि जेवा. रोज चहा-कॉफी पीत असाल तर त्या दिवशीही तेवढीच घ्या. नियमित औषधं अजिबात बंद करू नका. कोणीतरी सुचवलेली 'शांत राहण्याची' गोळीही घेऊ नका. गरोदर असाल, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल, दंडाला दुखापत असेल किंवा नुसता सर्दी-खोकला असला, तरी आधी कळवून तारीख बदलून घ्या. खोकल्याने श्वासाचा आलेख बिघडतो आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं.

त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. दोन-तीन तास धरून चला, जास्तही लागू शकतात. 'चारला मुलाला शाळेतून आणायचंय' हा विचार डोक्यात घेऊन त्या खुर्चीत बसणं त्रासदायक असतं.

आता युक्त्यांबद्दल. बुटात टाचणी, जीभ चावणं, मनात उलटे आकडे, ठरवून घेतलेले श्वास हे सगळं तुम्ही वाचलेलं असणारच. करू नका. खुर्चीवरचे सेन्सर याचसाठी बसवलेले आहेत, आणि पकडलं गेलं तर त्याची नोंद 'मुद्दाम असहकार' अशी होते. खरं बोलणारा माणूसही मग खोटारड्याच्या रांगेत उभा राहतो. अशा युक्त्या शिकवणाऱ्या ओक्लाहोमातल्या एका माजी पोलीस परीक्षकाला २०१५ मध्ये फेडरल न्यायालयाने दोन वर्षांची कैद दिली. त्याच्याकडे आलेल्या ग्राहकांनी चाचणीत खोटं बोलण्याचा इरादा त्याला उघड सांगितला होता आणि ते ग्राहक वेशांतर केलेले सरकारी अधिकारी निघाले. यावरून सरकारचा मूड कळावा.

"पॉलिग्राफबद्दल काही वाचलं का?" असं परीक्षक विचारू शकतो. वाचलं असेल तर 'हो' म्हणा. हा लेख वाचलात, तर तेही सांगा.

पायरी ६: खोलीत, यंत्र लावण्याआधी

छोटी खोली, एक टेबल, कॅमेरा. परीक्षक बहुधा सौजन्याने वागतो. संमतीपत्रावर सही घेतात. चाचणी ऐच्छिक आहे आणि तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता, असं त्यात लिहिलेलं असतं. ते खरंच आहे, पण उठलात तर अर्ज तिथेच थांबतो. वकील शेजारी बसवता येत नाही.

मग गप्पा सुरू होतात. तब्येत, घर, शिक्षण, फॉर्म. या गप्पा वाटतात तितक्या मोकळ्या नसतात. चाचणी सुरू झालेली असते, फक्त तारा जोडायच्या बाकी असतात. यंत्र चालू असताना विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न इथे आधी वाचून दाखवतात. अचानक काही विचारत नाहीत. प्रश्नातला शब्द समजला नाही, किंवा 'हो'-'नाही'त उत्तर बसत नसेल, तर ते बोलायची जागा हीच. "गोपनीय माहिती म्हणजे माझ्या जुन्या कंपनीची व्यावसायिक गुपितंही धरायची का?" असं विचारा. परीक्षक अर्थ स्पष्ट करतो किंवा प्रश्न बदलून देतो.

काही प्रश्न विचित्र व्यापक वाटतील. विश्वास ठेवणाऱ्या कोणाशी आयुष्यात कधी खोटं बोललात का, अशा धर्तीचे. हे तुलनेसाठी असतात. त्यांच्या उत्तरांना शरीर कसं वागतं ते मुख्य प्रश्नांच्या शेजारी ठेवून पाहतात. कोणता प्रश्न कोणत्या जातीचा हे ओळखायचा खेळ मनात सुरू करू नका. विचारलं ते ऐका, खरं उत्तर द्या.

इथे आपल्या स्वभावाबद्दल एक बोलते. आपल्याकडे शांतता अवघडल्यासारखी वाटते, समोरचा अधिकारी गप्प बसला की आपण ती भरून काढतो. "तसं म्हणजे काही नाही, पण एकदा कॉलेजमध्ये…" इथूनच नको त्या कथा सुरू होतात. उत्तर संपलं की थांबा. परीक्षक टिपणं काढत असेल तर काढू द्या. मान डोलावत 'हं, हं' करायची सवयही सोडा. तुम्ही ऐकताय म्हणून डोलावता, समोरच्याला ती संमती वाटते.

आकडे विचारले की अंदाजाला अंदाज म्हणा. "तीन ते पाच वेळा, नेमकं आठवत नाही" हे चांगलं उत्तर आहे. "कदाचित दहा असेल, वीसही असेल" म्हणालात तर अहवालात वीस जाईल.

पायरी ७: पट्टे लागल्यावर

सहसा आधी एक सराव होतो. कागदावर एखादा आकडा लिहायला सांगतात आणि मग मुद्दाम तो नाकारायला सांगतात. यंत्र कसं चालतं हे दाखवणं हा एक हेतू, यंत्रावर तुमचा विश्वास बसावा हा दुसरा.

मग खरी फेरी. पाय जमिनीवर, नजर समोर एका ठिकाणी, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. दोन प्रश्नांच्या मध्ये वीस-पंचवीस सेकंद जातात आणि ती फार लांब वाटतात. दंडाचा पट्टा दुखतो, हाताला मुंग्या येतात. फेरी संपल्यावर हवा सोडतात, मग हात हलवून घ्या. तेच प्रश्न पुन्हा, थोड्या वेगळ्या क्रमाने, आणि पुन्हा. फेऱ्या वाढल्या म्हणजे तुम्ही नापास होताय असं नाही, त्या वाढतातच.

छातीत धडधडतं म्हणून घाबरू नका. सगळ्यांचंच धडधडतं आणि परीक्षक ते गृहीत धरतो. श्वास 'नीट' घ्यायचा प्रयत्न केलात की तो बिघडलाच म्हणून समजा.

पायरी ८: "इथे काहीतरी दिसतंय"

फेऱ्या संपतात. परीक्षक बाहेर जातो, परत येतो, खुर्ची जवळ ओढतो. आवाज मऊ होतो. "बाकी सगळं ठीक आहे, पण अमुक प्रश्नावर तुम्हाला काहीतरी खटकतंय. काय विचार येत होता मनात?"

हे वाक्य कितीतरी उमेदवारांना ऐकायला मिळतं, आणि पुढे पास होणाऱ्यांनाही. मलाही मिळालं. या क्षणी ती चाचणी राहिलेली नसते, ती उलटतपासणी असते. इथे दोनच रस्ते आहेत.

खरोखर काही राहून गेलं असेल तर ते सांगा. थोडक्यात, तारखेसह, जेवढं आहे तेवढंच. अर्ध सांगून अर्ध ठेवू नका, कारण पुढची फेरी त्याच प्रश्नावर होणार.

काही राहिलं नसेल तर "मी सांगितलं तेवढंच आहे, यात भर घालण्यासारखं काही नाही" एवढं म्हणा. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. चिडू नका, रडू आलं तर पाणी मागा, पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून पाप शोधून काढू नका. "कदाचित मी परदेशी मित्राशी कामाबद्दल जास्त बोलले असेन" असलं वाक्य तुम्ही सहज बोलून जाता, पण अहवालात ते 'उमेदवाराने मान्य केलं' म्हणून उतरतं. आलेखावरच्या रेषेबद्दल नंतर वाद घालता येतो. स्वतःच्या तोंडच्या वाक्याबद्दल फारसा घालता येत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. एसएफ-८६ च्या अमली पदार्थांच्या भागात लिहिलेलं असतं की तिथली खरी उत्तरं नंतरच्या फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत. ते आश्वासन त्या भागापुरतं आहे. खोलीत केलेल्या इतर कबुल्यांना ते लागू होत नाही आणि गंभीर गुन्ह्याची कबुली पोलिसांकडे जाऊ शकते.

लेखी जबाब मागितला तर शब्द न् शब्द वाचा. "वारंवार" लिहिलं असेल आणि तुम्ही "दोनदा" म्हणाला असाल, तर खोडून दुरुस्त करा, मगच सही करा.

पायरी ९: निकाल, आणि नापास झालात तर

त्या दिवशी परीक्षक जे सुचवतो तो शेवटचा निकाल नसतो. आलेख दुसऱ्या तज्ज्ञांकडे गुणवत्ता तपासणीला जातात. निकाल तीन तऱ्हेचे: पास, नापास, अनिर्णित. अनिर्णित असेल तर बहुधा पुन्हा बोलावतात. माझ्या बाबतीत तसंच झालं. दुसऱ्या वेळी परीक्षक वेगळा होता आणि खोली तशीच थंड होती (जॅकेट न्या). कळायला कित्येक आठवडे जातात, काही वेळा महिने. तोवर हातातली नोकरी सोडू नका, घर विकू नका, राजीनाम्याचा मसुदाही लिहू नका.

नापासाचं पत्र आलं तर आधी त्यातली कारणं आणि मुदती वाचा. पुनर्विचाराची किंवा पुन्हा चाचणीची विनंती करता येते का, हे संस्थेवर अवलंबून आहे. एफबीआयकडे अशी लेखी विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असं नाही. विनंती एका पानाची ठेवा: काय विचारलं, काय उत्तर दिलं, कोणती वस्तुस्थिती तुमच्या बाजूची आहे. पॉलिग्राफ हे शास्त्र आहे की नाही यावर निबंध लिहू नका, वाचणाऱ्याला तो वाद तुमच्याहून जास्त पाठ असतो. न्यायालयात जाऊन नोकरी मिळवणं फार अवघड. १९९८च्या शेफर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉलिग्राफच्या विश्वासार्हतेबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नसल्याचं नोंदवलं, पण तो खटला लष्करी न्यायालयातल्या पुराव्याचा होता. त्याने भरतीतली चाचणी थांबली नाही.

चाचणीच्याच दिवशी, आठवण ताजी असताना, तारीख, ठिकाण, चाचणीचा प्रकार, कोणत्या विषयावर अडलं आणि तुम्ही नेमकं काय म्हणालात, हे घरी वहीत लिहून ठेवा. पास झालात तरी लिहा. १९७४च्या प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःच्या नोंदीही मागता येतात. बराच भाग काळा करून येतो, पण उमेदवाराने काय 'मान्य केलं' असं लिहिलंय, ते काही वेळा वाचायला मिळतं.

या वहीचा उपयोग पुढे होतो. एका संस्थेत नापास झाल्याने सगळ्या सरकारी नोकऱ्या बंद होत नाहीत, पण दुसऱ्या संस्थेत अर्ज करताना "आधी कधी पॉलिग्राफ झाली का, कुठे, केव्हा, निकाल काय?" हे विचारलं जाणार. तिथे पूर्ण खरं उत्तर द्या. संस्था एकमेकींना विचारतात, आणि तुम्ही दिलेली तारीख त्यांच्याकडच्या तारखेशी जुळायला हवी.